काळं सूप

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तळ्यावरचा शेवटचा बर्फ
फुटक्या बशीसारखा काठाला लागला
आणि नरांना माज आला.

तीन नर, पाच माद्या.
हिशेब माझाच चुकला होता.
बाजारातून पिल्लं आणली तेव्हा नुसता पिवळा कापूस,
त्यात नर कोण अन् मादी कोण?
शेपटीवर कुरळं पीस उगवलं तेव्हा समजलं,
तोवर कलिनाने सगळ्यांना नावं देऊन टाकली होती.
नाव दिलं की आईला सुरी धरवत नाही,
एवढं तिला तेराव्या वर्षी पक्कं ठाऊक.

थोरला तो व्होयेव्होदा. म्हणजे सुभेदार.
दार उघडलं की आधी माझ्या गमबुटांना चावतो,
मग पाण्याकडे, मग पेस्तकाकडे.
पेस्तका म्हणजे बी. आहेही तेवढीशीच.
तिच्या मानगुटीवर आता पीस नाही,
गुलाबी कातडी, वर खपल्या,
तरी एक उतरतो, दुसरा चढतो
आणि ती पाण्याखाली जाते.
मी मोजते. सहा. सात.
आठला मी तळ्यात होते, कमरेपर्यंत,
अंगात चर्चला जायचा कोट.

कुंपणावर कोपरं टेकून झेनॉन म्हणाला,
"बोग्ना, पाच माद्यांना एक नर पुरतो.
वरचे दोन पातेल्यात. काळं सूप कर."

बदकाचं रक्त, व्हिनेगर, सुकवलेली नासपती, दोन लवंगा.
पूर्वी आमच्या गावांत
मागणी घालायला आलेल्याच्या पुढ्यात हे सूप आलं
की त्याने समजायचं.
टोपी उचलायची, घोडा जोडायचा.
'नाही' म्हणायची वेळ कुणावर येत नसे.

मी आधी दुसरं करून पाहिलं.
सुभेदाराला काखेत दाबून अंगणभर फिरवलं,
माद्यांसमोर, कोंबड्यांसमोर, पोस्टमनसमोर.
चावला की मान हलकेच जमिनीला टेकवायची,
तो सैल पडेपर्यंत.
चार दिवस शहाण्यासारखा वागला.
पाचव्या दिवशी पेस्तकाचा डोळा सुजलेला.

एक गोष्ट तेव्हा लक्षात आली.
नराला आवाज नसतो.
घसा बसल्यासारखं काहीतरी खरखरतो, बस.
गाव डोक्यावर घेतात त्या माद्या.
रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटेल,
काय भांडकुदळ आहेत या.

माझ्याही लग्नात
शेजाऱ्यांना ऐकू जायचा तो माझाच आवाज.
तो हळू बोलायचा. फार हळू.
पहिल्यांदा घरी आला तेव्हा आईने त्याला
पांढरं सूप वाढलं होतं.
दोनदा.

शनिवारी तळघराचं जुनं दार उपटलं,
करवंटीच्या झुडपांमागे, छे, करंट्सच्या झुडपांमागे
(थकले की शब्दही घसरतात)
जाळी ठोकली, पाण्याला टब ठेवला,
मधे ताडपत्री, म्हणजे माद्या दिसायला नकोत.
झेनॉन तार घेऊन आला, न बोलावता.
सुभेदार आणि मधला आत.
मवाळ किशेल बाहेर, पाचांबरोबर.

पहिल्या रात्री दोघे खरखरत राहिले.
आठवड्याने पाहिलं तर एकमेकांना टेकून झोपलेले,
चोची पाठीच्या पिसांत खुपसून,
जणू कुणाचं कधी काही बिघडवलंच नाही.
मला राग आला त्यांचा, त्या दिवशी सगळ्यांत जास्त.
तरी दाणे टाकले.

जूनमध्ये पेस्तकाच्या मानेवर
निळसर काटे फुटले. कलिना बोट लावून बघते,
पेस्तका बघू देते.

झेनॉन रविवारी जेवायला आला, दाढी करून.
मी वाडगं पुढे ठेवलं.
त्याने आधी आत वाकून पाहिलं, नीट, चमच्याने ढवळून,
आणि मग मीठ मागितलं.